दुधाच्या दाताचा भाव

अमेरिकेत पडलेल्या दुधाच्या दाताला २०२५ मध्ये सरासरी ५ डॉलर १ सेंट एवढा भाव मिळाला. हा भाव बाजारात ठरत नाही; तो मुलाच्या उशीखाली, रात्रीच्या अंधारात ठरतो. डेल्टा डेंटल ही दंतविमा क्षेत्रातील संस्था १९९८ पासून लहान मुलांच्या पालकांना विचारून हा आकडा काढत आली आहे आणि दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे तिकडे 'दातपरीचा दिवस' पाळला जातो त्या सुमारास, तो जाहीर केला जातो. पहिल्या वर्षी ही सरासरी अवघी १ डॉलर ३० सेंट होती. २०२० मध्ये ती ४ डॉलर ३ सेंटवर गेली, २०२१ मध्ये ४ डॉलर ७० सेंट, २०२२ मध्ये ५ डॉलर ३६ सेंट, आणि २०२३ मध्ये ६ डॉलर २३ सेंट असा उच्चांक झाला. त्यानंतर मात्र परीने हात आखडता घेतला: २०२४ मध्ये ५ डॉलर ८४ सेंट आणि २०२५ मध्ये त्याहूनही कमी.

ही परी म्हणजे 'टूथ फेअरी'. पाश्चात्त्य देशांतील, विशेषतः इंग्रजी भाषक घरांतील मुलांचा असा समज असतो की पडलेला दात उशीखाली ठेवून झोपले की रात्री परी येते, दात घेऊन जाते आणि त्याच्या बदल्यात पैसे ठेवून जाते. परीचे काम आई किंवा वडील करतात, हे सांगावयास नको. दुधाचे दात वीस. साधारणपणे सहाव्या वर्षी खालचे पुढचे दोन दात हलू लागतात आणि बाराव्या वर्षाच्या आसपास शेवटची दुधाची दाढ पडते. म्हणजे ही देवघेव सहा वर्षे चालते. २०२३ च्या भावाने वीस दातांचे सुमारे १२५ डॉलर होतात. १९९८ च्या भावाने ते अवघे २६ झाले असते. त्यातही पहिल्या दाताचा मान मोठा असतो आणि त्याला अनेक घरांत इतरांहून अधिक रक्कम मिळते.

हा हिशोब आधीही एका संशोधिकेने केला होता. रोझमेरी वेल्स या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतवैद्यक महाविद्यालयात शिकवीत असत. दातपरीबद्दल कोठेच काही नीट लिहिलेले नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी स्वतःच शोध सुरू केला आणि पुढे इलिनॉय राज्यातील डिअरफील्ड येथील आपल्या घरातच दातपरीचे छोटे संग्रहालय थाटले. १९९३ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय २००० मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालले. १९०० ते १९८० या काळात परीने काय दिले, याची माहिती जमवून वेल्स यांनी ती ग्राहक किंमत निर्देशांकाशी ताडून पाहिली. त्यांचा निष्कर्ष मोठा गमतीचा होता. परी महागाईच्या बरोबरीने चालत आली होती. भाकरीचा भाव वाढला तसा दाताचाही वाढला, पण त्याहून अधिक नाही.

नंतरच्या काळात हे गणित बिघडले. १९९८ ते २०२५ या काळात अमेरिकेतील सर्वसाधारण किंमती सुमारे दुप्पट झाल्या. परी केवळ महागाईबरोबर चालली असती, तर १ डॉलर ३० सेंटचे आज फार तर २ डॉलर ६० सेंट व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात तिने त्याच्या जवळजवळ दुप्पट दिले. या वाढीमागे एक साधे व्यावहारिक कारण असणे शक्य आहे. अमेरिकेत डॉलरचे नाणे व्यवहारात फारसे दिसत नाही आणि सुटे पैसे खिशात बाळगण्याची सवयही मोडत चालली आहे. रात्री दहा वाजता मुलाने दात पडल्याचे सांगितले की पालक पाकिटात सापडेल ती नोट काढतात, आणि ती एकची असेलच असे नाही. एकदा पाचाची नोट ठेवली की पुढच्या दाताला एक डॉलर ठेवणे अवघड. मुले याबाबतीत मोठी हिशोबी असतात.

सरासरी या शब्दाकडेही जरा सावधपणे पाहावयास हवे. दहा मुलांपैकी नऊ जणांना प्रत्येकी एक डॉलर मिळाला आणि दहाव्याला वीस, तर सरासरी २ डॉलर ९० सेंट येते. पण तेवढी रक्कम त्या दहांतील एकालाही मिळालेली नसते. हा आकडा वाचून एक डॉलर देणाऱ्या आईवडिलांना आपण कमी पडलो असे वाटण्याचे कारण नाही. असे सर्वेक्षण करणाऱ्यांचा हेतूही लक्षात घेतला पाहिजे. विमा संस्थेला या निमित्ताने मुलांच्या दातांच्या निगेकडे लक्ष वेधावयाचे असते. 'व्हिसा' कंपनीनेही काही वर्षे असेच सर्वेक्षण केले. २०१३ मध्ये तिचा आकडा ३ डॉलर ७० सेंट होता, आणि तिला मुलांना पैशाचे व्यवहार शिकविण्याच्या निमित्ताने आपले नाव घरोघर पोहोचवावयाचे होते. दाताचा भाव शेअर बाजाराच्या 'एस अँड पी ५००' निर्देशांकाबरोबर वरखाली होतो, असे डेल्टा डेंटल मोठ्या हौसेने सांगत असे. पण हा निर्देशांक २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे जोरात चढला आणि त्या पाठोपाठच्या दोन्ही पाहण्यांत दाताचा भाव उतरला. परीला शेअर बाजारातले कळते, हा समज तेथे संपावयास हरकत नाही.

पैसे देणारी ही परी फार जुनी नाही. तिचा छापील उल्लेख १९०८ सालच्या 'शिकागो डेली ट्रिब्यून'मध्ये, गृहिणींसाठीच्या सूचनांच्या सदरात सापडतो. हलणारा दात काढू न देणाऱ्या हट्टी मुलाला परीची गोष्ट सांगावी आणि अशा प्रसंगांसाठी पाच सेंटच्या दुकानातून चार वस्तू आधीच आणून ठेवाव्यात, असा तेथे सल्ला होता. म्हणजे आरंभी परी पैसे नव्हे, तर खाऊ-खेळण्यासारखी किरकोळ भेट ठेवीत होती. नाणी त्यानंतर आली आणि नोटा तर अगदी अलीकडच्या.

परीच्या आधी जगभर हे काम उंदराकडे होते. सर जेम्स फ्रेझर यांनी 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथात त्याची उदाहरणे दिली आहेत. प्रशांत महासागरातील रारोटोंगा बेटावर मूल आपला दात घराच्या गवती छपरावर टाकून उंदराकडे नवा दात मागत असे. जर्मनीत दात उंदराच्या बिळात घालीत. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते अतिशय मजबूत असतात. आपला दात त्याच्या हवाली केला की त्याच्यासारखा दात आपल्याला येईल, ही त्यामागची कल्पना. महाराष्ट्रातील जुन्या घरांतही पडलेला दात कौलांवर फेकण्याची किंवा उंदराच्या बिळापाशी टाकून उंदीरमामाकडे नवा दात मागण्याची पद्धत होती. जपानमध्ये खालचा दात छपरावर आणि वरचा दात घराखाली टाकतात, म्हणजे नवा दात त्या त्या दिशेने सरळ वाढावा. या सर्व व्यवहारांत दाताची किंमत दातानेच चुकती होत असे. कोणाला कमी मिळाले, कोणाला जास्त, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

उंदीर आणि पैसा यांच्यामधला दुवा स्पेनमध्ये सापडतो. सुमारे १८९४ मध्ये आठ वर्षांचा बालराजा अल्फान्सो तेरावा याचा दात पडला, तेव्हा राजदरबाराच्या विनंतीवरून लुईस कोलोमा या जेझुइट धर्मगुरूने त्याच्यासाठी 'रातोन पेरेस' नावाच्या उंदराची गोष्ट लिहिली. हा उंदीर माद्रिदमधील एका मिठाईवाल्याकडे बिस्किटांच्या डब्यात राहतो आणि मुलांचे दात गोळा करतो. गोष्टीतील छोटा राजा त्याच्याबरोबर स्वतः उंदीर होऊन रात्री शहरात फिरतो आणि एका दरिद्री मुलाच्या माळ्यावरच्या खोलीत जाऊन पोहोचतो. आपल्याच राज्यात एखादे मूल असेही राहते, हे त्याला प्रथमच दिसते. माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावर, जेथे हा उंदीर राहत होता असे मानतात, तेथे २००३ मध्ये स्मृतिफलक लावण्यात आला. स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतील मुले आजही परीची नव्हे, तर या पेरेसचीच वाट पाहतात. फ्रान्समध्येही छोटी उंदरीणच येते. राजाचा दात आणि गरिबाचा दात एकाच उंदराने नेला, ही कोलोमांच्या गोष्टीतील बाब आजच्या पालकांना अधिक जवळची वाटेल.

कारण परीचा खरा पेच तेथेच आहे. आईवडिलांनी किती द्यावे, हा प्रश्न घरापुरता असतो तोवर सोपा असतो. पहिलीच्या वर्गात ज्या मुलाला एक डॉलर मिळाला, त्याच्या शेजारी बसणाऱ्याला वीस मिळालेले असतात. आईवडिलांनी दिले असते तर 'त्यांच्या घरी जास्त पैसे आहेत' एवढे उत्तर पुरले असते. पण परी सर्वांची एकच असते. मग तिने आपल्याला कमी का दिले? आपला दात वाईट होता, की आपणच? श्रीमंती-गरिबीतला फरक मुलाला कधीतरी कळणारच, पण जादूच्या तोंडून कळला तर तो मुलाच्या स्वतःच्या लायकीवरचा शेरा होऊन बसतो. काही पालक यातून मार्ग काढतात. ते रक्कम लहान ठेवतात, पण चकचकीत नाणे किंवा परीच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी ठेवतात. त्यामुळे शेजारच्या मुलाच्या नोटेशी तुलना करणे कठीण होते. ही युक्ती पाचाच्या नोटेपेक्षा शहाणपणाची म्हटली पाहिजे.

मुलालाही नुसत्या पैशाची ओढ असते असे नाही. सिंडी डेल क्लार्क या अमेरिकी संशोधिकेने १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सांताक्लॉज, ईस्टरचा ससा आणि दातपरी यांच्याबद्दल मुलांशी बोलून लिहिले आहे. शाळेत जाण्याच्या वयात शरीराचा एक भाग गळून पडतो, थोडे रक्त येते, भीती वाटते. अशा वेळी हाती पडलेले नाणे 'तू आता मोठा झालास' असे सांगते. मोठ्यांच्या जगातली वस्तू मुलाला प्रथमच स्वतःची म्हणून मिळते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

पैशाविनाही हा मान मिळू शकतो, याचे उत्तम उदाहरण सेंट लुईस शहरातले. अणुचाचण्यांतून वातावरणात पसरलेले स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत व दातांत जाते, ही भीती १९५०च्या दशकात बळावली होती. ते मोजण्यासाठी तेथील नागरिकांच्या समितीने आणि शास्त्रज्ञांनी १९५८ च्या अखेरीस दुधाचे दात गोळा करण्यास आरंभ केला. डॉ. लुईस रीस या कामाच्या पहिल्या संचालिका होत्या. दात पाठविणाऱ्या मुलाला पैसे नव्हे, तर आपण विज्ञानाला दात दिल्याचे सांगणारा एक बिल्ला मिळत असे. मुलांनी तो बिल्ला अभिमानाने मिरवला आणि १९७० पर्यंत सुमारे तीन लाख वीस हजार दात जमले. १९६१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात पहिले निष्कर्ष आले: चाचण्या वाढल्या तसे मुलांच्या दातांतील स्ट्रॉन्शियमही वाढले होते. १९६३ मध्ये वातावरणातील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. त्यामागच्या लोकमताला या दातांनी बळ दिले. न तपासलेले सुमारे ८५ हजार दात २००१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका कोठारात सापडले.

मुंबई-पुण्यातील इंग्रजी शाळांत जाणाऱ्या मुलांकडे आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत परी आता गोष्टींच्या पुस्तकांतून येऊ लागली आहे. तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही. फ्लॅटला कौले नाहीत आणि उंदराच्या बिळाची कोणाला हौस नाही. नव्याने परी होणाऱ्या पालकांनी एक हिशोब मात्र आधीच करून ठेवावा. परीवरचा विश्वास बहुधा सातव्या-आठव्या वर्षी सरतो, आणि दुधाच्या दाढा तर नवव्या-दहाव्या वर्षानंतर पडतात. म्हणजे निम्मे दात अशा मुलाचे असतात, ज्याला पैसे कोण ठेवतो हे पक्के ठाऊक असते. तरीही तो दात उशीखाली ठेवतो, सकाळी उशी उचलून पाहतो, आणि गेल्या वेळेपेक्षा रक्कम कमी असेल तर थेट आईकडे जातो.