नाणे आणि नाण्याशेजारची वस्तू

बडोद्याच्या जुन्या कोटाचा पश्चिमेकडील दरवाजा म्हणजे लहरीपुरा. त्याच्या बाहेर न्यायमंदिर आणि सूरसागर आहे, तर आत मांडवीकडे जाणारा गजबजलेला रस्ता. १७३४ पासून गायकवाडांकडे स्थिरावलेल्या या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदत आली, आणि त्यामुळे एखाद्या वाड्याची वाटणी होते किंवा तो पाडला जातो तेव्हा माळ्यावरच्या पितळी डब्यातून तांब्याच्या पैशांबरोबर अडकित्ता, करंडा, समई, देवांचे झिजलेले टाक असे काहीबाही बाहेर पडते. नाण्यांच्या संग्राहकापुढे म्हणूनच निव्वळ नाणी फार कमी वेळा येतात. बहुधा येतो तो एक संसार, आणि त्यातले नाणे तेवढे ठेवून बाकीचे मोडीत घालायचे की सगळे एकत्र राखायचे, हा निर्णय त्याला तिथल्या तिथे करावा लागतो.

नाण्याचे वाचन तुलनेने सोपे असते, कारण नाणे आपली ओळख अंगावर वागवते. सयाजीराव तिसरे यांच्या काळातील यंत्राने पाडलेले तांब्याचे दोन पैसे घेतले, तर संग्राहक ते कडेने दोन बोटांत धरतो, एका बाजूने तिरपा प्रकाश पाडतो आणि भिंगातून पाहतो. मग झिजलेल्या पृष्ठावरही घोड्याची टाप, तलवार आणि भोवतीची नागरी अक्षरे सावलीमुळे उठून दिसू लागतात. मागच्या बाजूला किंमत आणि विक्रम संवत असतो. गुजरातेत हा संवत दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतो; त्यामुळे १९४८ हा आकडा इसवी सनाच्या १८९१-९२ या दोन सालांत पसरतो, आणि नुसते ५७ वजा करून मोकळे होणाऱ्याची चूक होऊ शकते.

त्याआधीचे हाताने ठोकलेले रुपये अधिक कष्ट देतात. ठसा, म्हणजे अक्षरे उलटी कोरलेला पोलादी साचा, चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने फारसी मजकुराचा एखादा तुकडाच नाण्यावर उमटतो. मोगल बादशहाच्या नावाशेजारी कोरलेले एकटे नागरी अक्षर, आनंदरावांसाठी ‘आ’ किंवा दुसऱ्या सयाजीरावांसाठी ‘सा’, चकतीवर आले तर राज्यकर्ता निश्चित होतो. ते कडेबाहेर गेले असेल, तर त्याच प्रकारची आणखी नाणी शेजारी मांडून मजकूर जुळवावा लागतो. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेषा आणि पृष्ठावर बारीक छिद्रे आढळतात, म्हणून वजन करण्याआधी कड पाहिली जाते. तांब्यावर बसलेला हिरवट कळक चिंच आणि राखेने घासून काढण्याचा मोह घरोघरी होतो, विशेषतः दिवाळीच्या साफसफाईत. पण त्या घासण्यात अक्षरांच्या कडाच नाहीशा होतात, आणि लखलखीत झालेले ते नाणे अभ्यासाच्या दृष्टीने मुके होऊन बसते.

वस्तूंचे तसे नाही. समईवर साल नसते, टाकावर टांकसाळ नसते. याच शहरातील अकोटा येथे १९५१ च्या सुमारास सापडलेल्या ६८ जैन धातुमूर्तींचा काळ उमाकांत प्रेमानंद शहा यांना ठरवावा लागला तो घडणीवरून आणि काही मूर्तींवरील लेखांच्या अक्षरवळणावरून; ज्यांचा काळ इतर साधनांतून ठाऊक होता त्या जिनभद्र वाचनाचार्य या जैन आचार्यांचे नाव लेखात मिळाले म्हणून निदान एक भक्कम खुंटी हाती आली. त्या मूर्ती एका ठिकाणच्या म्हणून ओळखल्या जातात, यातच त्यांचे निम्मे मोल आहे. बडोद्याच्या संग्रहालयात त्यांच्यापुढे उभे राहणाऱ्याच्या ते सहसा लक्षात येत नाही.

नाणे आणि वस्तू एकत्र जपण्याचे कारण इथेच सापडते. मातीच्या गाडग्यात संवत असलेले नाणे मिळाले, तर ते गाडगे त्या सालाच्या आधी पुरलेले असू शकत नाही, एवढे निश्चित सांगता येते. गाडगे फेकून दिले, तर नाण्याचे काही जात नाही, गाडग्याचे मात्र सारेच जाते. खुद्द नाण्यांच्या बाबतीतही सोबत तितकीच बोलकी असते. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकलेला आहे. त्यातले एखादे नाणे सराफाच्या दुकानी एकटे आढळले असते, तर ते एक चमत्कारिक नाणे ठरले असते. ढिगाने मिळाली म्हणून ती एका राजवटीने दुसरीचे चलन ताब्यात घेतल्याचा पुरावा ठरली.

कायद्याची दृष्टीही काहीशी अशीच आहे. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि त्यात सापडल्याची जागाही सांगावी लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांची नाणी, शिल्पे, चित्रे पुरावस्तूंत मोडतात, त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. दहा रुपयांची मर्यादा आज हास्यास्पद वाटते, परंतु जागा सांगण्याची अट अजूनही शहाणपणाची आहे.

जाणता संग्राहक म्हणून नाणे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबत नाही, कारण काही प्लास्टिकमुळे तांब्यावर चिकट हिरवा थर धरतो. तो आम्लरहित कागदाची पुडी करतो आणि वर पेन्सिलीने लिहितो: दोन पैसे, संवत् १९४८, वजन अमुक, लहरीपुऱ्याच्या आतील वाड्यातला पितळी डबा, सोबत अडकित्ता एक, टाक तीन. अडकित्त्याला बांधलेल्या चिठ्ठीवरही तोच क्रमांक पडतो.