निलगिरीवरील तुडतुडे : विविधता, वर्गीकरण आणि आंब्याशी जुळणारे नाते

भारतात निलगिरी या नावाने परिचित असलेले वृक्ष मूळचे ऑस्ट्रेलियातील. बंगळुरूजवळच्या नंदी टेकडीवरील टिपू सुलतानाच्या बागेत १७९० च्या सुमारास त्यांची प्रथम लागवड झाली. पुढे १८४३ पासून निलगिरी पर्वतात त्यांची पद्धतशीर लागवड सुरू झाली आणि त्या डोंगराचेच नाव मराठीत या झाडाला मिळाले. बियाण्याच्या रूपाने झाड भारतात आले. परंतु मायदेशी त्याच्यावर जगणारे बहुसंख्य कीटक तेथेच राहिले. ऑस्ट्रेलियात युकॅलिप्टस, कोरिंबिया आणि अँगोफोरा या तीन प्रजातींत मिळून या वृक्षांच्या ८०० हून अधिक जाती आहेत. लक्षावधी वर्षांच्या सहवासात त्यांच्यावर जी कीटकसृष्टी विकसित झाली, तिच्यात तुडतुड्यांचे स्थान लक्षणीय आहे.

तुडतुडे हे अर्धपंखी गणातील सिकाडेलिडी या कुलात मोडतात. जगभरात या कुलाच्या २०,००० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. मागील पायांच्या नळीवरील काट्यांच्या ओळी, सुईसारखी सोंड खुपसून रस शोषण्याची सवय आणि चाहूल लागताच टुणकन उडी मारण्याची क्षमता ही त्यांची ठळक ओळख होय. कपाशी, भात आणि आंबा यांवरील तुडतुडे शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. निलगिरीवरील त्यांचे भाऊबंद मात्र भारतीय वाचकाला तितकेसे ठाऊक नाहीत.

एकाच झाडावरील वाटणी

निलगिरीच्या एकाच झाडावर तुडतुड्यांचे अनेक गट नांदतात. कारण प्रत्येकाने आपला कोपरा निवडलेला आहे. कोवळ्या फांद्यांवर युरिमेलिनी गटातील तुडतुडे आढळतात. इतर तुडतुड्यांच्या मानाने ते आकाराने मोठे, अंगाने भरीव आणि रंगाने उठावदार असतात. या गटातील सर्वपरिचित जाती म्हणजे युरिमेला फेनेस्ट्राटा. गडद पंखांवरील पांढऱ्या ठिपक्यांमुळे तिला ‘खिडक्या असलेली’ या अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. मादी फांदीच्या सालीत चिरा पाडून अंडी घालते. पिल्ले आणि प्रौढ थव्याने एकत्र राहून रसवाहिन्यांतील गोड रस शोषतात. त्यांच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या मधासारख्या द्रवासाठी मुंग्या त्यांच्याभोवती सतत वावरतात आणि त्या बदल्यात तुडतुड्यांना शत्रूंपासून संरक्षण मिळते.

मुंग्यांशी असलेले हे सख्य पोगोनोस्कोपिनी या गटाने पराकोटीला नेले आहे. लांब पायांचे हे तुडतुडे दिवसा झाडाच्या बुंध्याशी, मुंगळ्यांच्या वारुळात राहतात आणि रात्री खोडावर चढून रस शोषतात. स्टेनोकोटिनी गटाची पिल्ले इतकी चपटी असतात की सालीला बिलगून बसल्यावर ती डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. टार्टेसिनी गटातील अनेक जातीही निलगिरीवर उपजीविका करतात. फांदी, साल आणि बुंधा अशी ही वाटणी पाहिली, म्हणजे या विविधतेचे कारण काही अंशी उमगते. केवळ पानांचे निरीक्षण करणाऱ्या सर्वेक्षकाच्या हाती यातील बराच भाग लागणार नाही, हेही त्यावरून स्पष्ट होते.

स्वतंत्र कुल की उपकुल?

या कीटकांची शास्त्रशुद्ध मांडणी करण्याचे मोठे श्रेय जॉन विल्यम इव्हान्स यांना जाते. १९५४ ते १९६६ या काळात ते सिडनी येथील ऑस्ट्रेलियन म्युझियमचे संचालक होते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील तुडतुड्यांवरील त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. युरिमेलिनी व त्यांच्या निकटच्या गटांचे साधे डोळे चेहऱ्याच्या बाजूस असतात आणि मागील पायांवरील काटे संख्येने मोजके असतात. या लक्षणांमुळे इव्हान्स यांनी त्यांना सिकाडेलिडीहून वेगळ्या, स्वतंत्र कुलाचा दर्जा दिला होता.

पुढील संशोधकांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने मांडला. एखादा गट दिसायला वेगळा असला, तरी वंशवृक्षात त्याची फांदी नेमकी कोठून फुटली, हे पाहणे आवश्यक असते. बाह्य लक्षणांना जनुकीय माहितीची जोड मिळाल्यावर हा गट सिकाडेलिडी कुलाच्या आतच बसतो, असे दिसून आले. २०२० मध्ये चीन व अमेरिकेतील संशोधकांनी युरिमेलिनी उपकुलाची नव्याने मांडणी केली. तीनुसार पूर्वी स्वतंत्र उपकुले मानले गेलेले इडिओसेरिनी आणि मॅक्रोप्सिनी हे गटही याच उपकुलात समाविष्ट होतात. या उपकुलातील बहुतेक जाती वृक्ष व झुडपांवर राहणाऱ्या आहेत. त्याचे काही जीवाश्म बाल्टिक प्रदेशातील इओसीन काळातल्या राळेतही सापडले आहेत. म्हणजेच या वंशाचा विस्तार कधी काळी ऑस्ट्रेलियाच्या पलीकडे दूरवर झालेला होता.

आंब्याच्या मोहोरापर्यंत

भारतीय शेतीच्या दृष्टीने या फेरमांडणीत एक महत्त्वाची गोष्ट आहे. आंब्याच्या मोहोरावरील इडिओस्कोपस आणि अमृतोडस या प्रजातींतील तुडतुडे इडिओसेरिनी गटातीलच आहेत. म्हणजे ऑस्ट्रेलियातील निलगिरीवरचा रंगीत तुडतुडा आणि कोकणातील हापूसच्या मोहोरावरचा पाचरीच्या आकाराचा तुडतुडा हे एकाच उपकुलातील आप्त ठरतात. दोहोंचे डोके आखूड व रुंद आणि साधे डोळे चेहऱ्यावर. दोघेही वनस्पतीच्या कोवळ्या भागात अंडी घालतात आणि मधासारखा चिकट द्रव सोडतात. आंब्यावर त्याच द्रवामुळे पाने व मोहोर काळ्या बुरशीने माखतात.

या नात्याचा अर्थ एकाची कीड दुसऱ्याच्या झाडावर जाईल, असा मुळीच नाही. दोन्ही गट आपापल्या आश्रयवृक्षांशी घट्ट बांधलेले आहेत. मात्र एका गटाची रचना, अंडी घालण्याची पद्धत आणि नैसर्गिक शत्रू यांचा अभ्यास करताना दुसऱ्या गटात नेमके काय शोधावे, याची दिशा या नात्यामुळे मिळते.

नावाचे मोल

वर्गीकरण म्हणजे केवळ नावांची यादी, असा एक समज आढळतो. आंब्यावरील तुडतुड्यांचेच उदाहरण तो दूर करण्यास पुरेसे आहे. भारतातील जुन्या कृषी साहित्यात ज्या जातीचा उल्लेख इडिओस्कोपस निव्हिओस्पार्सस असा येतो, तिलाच आज इडिओस्कोपस निटिड्युलस म्हणतात. कारण १८८९ मध्ये दिलेल्या पहिल्या नावापूर्वी, १८७० मध्येच तिला दुसरे नाव मिळालेले होते. ही एकरूपता ठाऊक नसलेला अभ्यासक एकाच किडीविषयीच्या निम्म्या माहितीला मुकतो. अशा गुंतागुंती सोडविण्यात बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील डॉ. सी. ए. विरक्तमठ यांच्यासारख्या भारतीय वर्गीकरणतज्ज्ञांचे कार्य मोलाचे आहे.

नाव नसण्याची किंमत निलगिरीच्या लागवडीनेही मोजली आहे. पानांच्या शिरांवर व देठांवर गाठी आणणारी लेप्टोसायबी इन्व्हेसा ही जेमतेम मिलिमीटरभर लांबीची गांधीलमाशी मूळची ऑस्ट्रेलियातील. परंतु भूमध्य सागराच्या परिसरात तिचा उपद्रव सुरू झाला, तेव्हा विज्ञानाला ती अज्ञात होती. २००१ मध्ये ती दक्षिण भारतात आढळली आणि रोपवाटिका व नव्या लागवडींचे तिने मोठे नुकसान केले. तिला शास्त्रीय नाव मिळाले ते २००४ मध्ये. कीड ओळखू आल्यावरच तिच्या मूळ प्रदेशात नैसर्गिक शत्रूंचा नेमका शोध घेता येतो. मायदेशात अभ्यासाविना राहिलेला कीटक परदेशात पोहोचल्यावर केवढी अडचण निर्माण करतो, याचा हा धडा तुडतुड्यांच्या बाबतीतही लागू पडतो.

तुडतुड्यांच्या जाती निश्चित करण्यासाठी बहुधा नराच्या जननांगांची सूक्ष्म रचना पाहावी लागते. केवळ रंगावरून काढलेले निष्कर्ष फसवे ठरतात. म्हणून निलगिरीच्या लागवडीत किंवा रोपवाटिकेत अपरिचित तुडतुडे दिसल्यास नर, मादी आणि पिल्ले असे तिन्ही नमुने अल्कोहोलमध्ये जतन करावेत. सोबत झाडाची नेमकी जाती, झाडाचा भाग, ठिकाण, दिनांक आणि मुंग्यांची उपस्थिती यांची नोंद ठेवावी. नुसते ‘निलगिरीवर आढळले’ एवढे लिहून भागत नाही. कारण निलगिरी हे एका झाडाचे नसून शेकडो जातींचे नाव आहे. असा नमुना वेळेवर तज्ज्ञांच्या हाती पडला, तर कीड स्थिरावण्यापूर्वीच तिची ओळख पटू शकते.