बी.कॉम.च्या मुलीला मानसशास्त्र कशाला?

"मुलीला बी.कॉम.ला टाकलं, तर कॉलेजवाले तिला मानसशास्त्र का शिकवताहेत?" प्रवेशाच्या दिवसांत असे प्रश्न आम्हाला हमखास विचारले जातात. प्रश्न रास्त आहे. फॉर्मवर ओई, व्हीईसी, एईसी अशी अक्षरं असतात आणि अर्थ कुणी सांगत नाही.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदवीचा आराखडा बदलला. स्वायत्त कॉलेजांत तो २०२३-२४ पासून आला, बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. आता मुख्य विषयाच्या, म्हणजे मेजरच्या जोडीला सगळ्यांसाठी सामान्य शिक्षणाचे पेपर असतात. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. तो आपली शाखा सोडून दुसरीकडचा घ्यायचा. म्हणून कॉमर्सच्या मुलीला मानसशास्त्र. एईसीमध्ये भाषा येतात, व्हीईसीमध्ये पर्यावरण, संविधान असे विषय. शिवाय एनएसएस, खेळ वगैरे. कुठे काय मिळेल, हे कॉलेजागणिक बदलतं.

हे पेपर 'साइडचे' समजून मुलं सोडून देतात, तिथेच फसतात. वर्षाला साधारण ४४ श्रेयांक असतात आणि हे पेपर त्यातच मोजले जातात. पेपर राहिला की श्रेयांक राहिला. मैत्रिणीने घेतला म्हणून ओई घेऊ नका. पुढे बी.एड. करायचं असेल तर मानसशास्त्र कामाला येतं. आर्ट्सच्या मुलाला दुकान सांभाळायचं असेल तर हिशेबाचा पेपर बरा.

आता खरी काळजी. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. २०२०-२१ मध्ये ते १९.२१ लाखांवर आले, पुढच्या वर्षी पुन्हा २१ लाखांच्या वर गेले. हे आकडे सगळ्या वर्षांचे मिळून आहेत, फक्त पहिल्या वर्षाचे नाहीत. तरी लोकसंख्येत आपण १४ टक्के आणि कॉलेजांत पाच टक्क्यांच्या आत, ही गोष्ट लपत नाही. मुलींचं प्रमाण मात्र जवळपास निम्मं आहे. अल्हम्दुलिल्लाह, पण त्यांना टिकवायचं कसं?

कारण नव्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. खरोखर अडचणीत असलेल्याला ही सोय चांगलीच. पण आपल्या घरांत ती कशी वापरली जाईल? "चांगलं स्थळ आलंय, सर्टिफिकेट मिळालंय, बस झालं." मुलाचं तसंच: गॅरेजवर हात लागतोय, पुरे शिक्षण. आम्ही स्पष्टच सांगतो, ते सर्टिफिकेट म्हणजे पदवी नाही. राज्यसेवा, बँकेची क्लार्क भरती, बी.एड., तीन वर्षांचं एलएल.बी., सगळीकडे पदवीच लागते. आणि नुसतं कॉलेज सोडलं की सर्टिफिकेट मिळतं असंही नाही. त्यासाठी चार श्रेयांकांचा वेगळा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते.

तरीही थांबावंच लागलं, तर यूजीसीच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. निकाहची बोलणी करताना ही मुदत समोरच्या घरालाही सांगा. सासरहून पदवी पूर्ण करणाऱ्या मुली आपल्यात आहेत, आधी बोलून ठेवलं तर ते सोपं जातं.

परत यायचं तर कमावलेले श्रेयांक जागेवर हवेत. ते अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात आणि ते खातं आधारशी जोडलेलं असतं. आपल्याकडे अडतं ते नेमकं इथे. दाखल्यावर 'शेख', आधारवर 'शैख', एकीकडे 'मो.', दुसरीकडे 'मोहम्मद'; कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाहीच. दहावीची मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा. फरक असेल तर दुरुस्ती पहिल्या सेमिस्टरची परीक्षा यायच्या आधी करून घ्या, आणि खात्याचा नंबर मुलाकडेच नाही, घरातही लिहून ठेवा.