पेशीचे अस्तर

वनस्पतीच्या पेशीभोवती टणक पेशीभित्तिका असते. प्राण्याच्या पेशीला असते ते केवळ तेलाच्या तवंगासारखे नाजूक पेशीपटल. तरीही ती सहसा फाटत नाही की वाटेल तशी पसरत नाही. पटलाला आतून अस्तरासारखे जोडलेले प्रथिनांचे जाळे तिला आधार देते. या थरास पेशीबाह्यक किंवा कॉर्टेक्स म्हणतात.

हा थर मिलिमीटरच्या सुमारे ५,०००व्या भागाइतकाच जाड असतो. त्यात ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू गुंफलेले असतात आणि मायोसिन हे प्रथिन त्यांना ओढून ताण निर्माण करते. स्नायूंच्या आकुंचनामागेही हीच जोडी असते. पेशीविभाजनाच्या वेळी हे तंतू पेशीच्या मध्यावर कड्यासारखे आवळले जातात व एका पेशीच्या दोन होतात.

तांबड्या रक्तपेशीत या जाळ्याचा मुख्य धागा स्पेक्ट्रिन हे प्रथिन असते. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ही तबकडीसारखी पेशी स्वतःहून अरुंद केशवाहिन्यांतून असंख्य वेळा अंग चोरून जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. काही व्यक्तींत आनुवंशिक दोषामुळे जाळे व पटल यांची जोडणी सैल पडते. मग पटलाचे सूक्ष्म तुकडे गळतात, पेशी चेंडूसारखी गोल होते, प्लीहेच्या बारीक फटींत अडकते आणि तेथेच नष्ट होते. परिणामी रक्तक्षय व कावीळ होते. उणीव लोहाची नसल्याने केवळ लोहाच्या गोळ्यांनी हा रक्तक्षय हटत नाही. विकार तीव्र असल्यास शस्त्रक्रियेने प्लीहा काढतात. त्यामुळे रक्तक्षय कमी होतो. पेशी मात्र गोलच राहतात.