कपाट ताणलं की प्लायही ताणला जातो

स्केचअपमध्ये स्वयंपाकघराचं मॉडेल करताय असं समजा. तयार कपाट आणलं, ते ६०० मिमी रुंद निघालं आणि तुम्हाला हवंय ७५०. मग स्केल टूलने कड धरून ओढलं, बसलं जागेवर! आता बाजूच्या फळीची जाडी मोजून बघा. १८ मिमीचा प्लाय २२.५ मिमी झालेला असेल. शटरवर बिजागरीसाठी ३५ मिमीचं गोल भोक काढलेलं असेल, तर तेही लंबगोल झालेलं दिसेल.

चित्रात हे कुणाच्या लक्षात येत नाही. सुताराच्या मात्र लगेच येतं. मूळ कपाटात ड्रॉवर ५३८ मिमीचा होता, ताणल्यावर तो ६७२.५ झाला. सुतार प्लाय १८ मिमीचाच वापरणार, म्हणजे आतली रुंदी ७१४. दोन्ही बाजूंना जवळपास २१ मिमी फट राहते. टेलिस्कोपिक चॅनलला हवी असते साधारण १३. ड्रॉवर बसणारच नाही.

असं का झालं? कारण आपण आकार सांभाळला, नाती सांभाळली नाहीत. कपाटातली मापं तीन प्रकारची असतात. काही आपण ठरवतो (एकूण रुंदी), काही बाजार ठरवतो (प्लायची जाडी, चॅनलची जागा) आणि उरलेली या दोन्हींतून निघतात. आतली रुंदी म्हणजे एकूण रुंदी वजा दोन फळ्या. ड्रॉवर म्हणजे आतली रुंदी वजा २६. डायनॅमिक कंपोनंटमध्ये ही सूत्रं लिहिता येतात, मग रुंदी बदलली तरी जाडी जागची हलत नाही. कल्पना जुनीच आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत पीएचडीसाठी केलेल्या स्केचपॅडमध्येही रेषांवर अशी बंधनं घालता येत होती.

मग प्रत्येक स्क्रू दाखवायचा का? नाही. तपशील किती, हे तुमचा संशोधनप्रश्न ठरवतो. खोलीत उजेड किती पोचतो हे बघायचं असेल तर साधा ठोकळा पुरतो. वयस्कर माणसाचा हात वरच्या कप्प्यापर्यंत जातो का, हा प्रश्न असेल तर कप्प्याची उंची आणि शटर किती उघडतं ते हवं, बिजागरीचं भोक नको. आठ बाय चारच्या प्लायमधून किती तुकडे वाया जातात हे मोजायचं असेल, तर मात्र फळीची जाडी आणि करवतीच्या पात्याची रुंदीसुद्धा धरावी लागते.

विश्लेषण सुरू करण्याआधी एक चाचणी करा. एकच माप बदला आणि उत्तर आधी कागदावर काढा. या कपाटात १६ मिमी प्लाय घातला तर आतली रुंदी ७१८ यायला हवी. मॉडेल दुसरंच काही सांगत असेल तर तिथेच थांबा, पुढचे आलेख काढू नका.

आणि पद्धतीच्या प्रकरणात काय काय दाखवलं एवढंच लिहू नका. काय गाळलं आणि का, तेही लिहा. परीक्षक तेच विचारतात.