आम्स्टेलच्या तळातील बाजार

हॉलंड देशातील आम्स्टरडॅम शहराच्या दक्षिणेस बुइटनव्हेल्डर्ट नावाची वस्ती आहे. बांध घालून व पाणी उपसून मिळविलेल्या कुरणांवर १९६० च्या सुमारास येथे इमारती उभ्या राहिल्या. वस्तीच्या उत्तर टोकास झाउड स्थानक आहे. २२ जुलै २०१८ पासून तेथून भुयारी रेल्वे थेट जुन्या शहराखालून धावते. ह्या रेल्वेच्या निमित्ताने जे उत्खनन झाले, त्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्स्टेल नदीवर धरण बांधले, त्यावरून आम्स्टरडॅम हे नाव पडले. १२७५ सालच्या जकातमाफीच्या सनदेत त्याचा पहिला उल्लेख सापडतो. शहर वाढत गेले तसे नदीचे पात्र जागोजागी बुजविले गेले. रोकिन रस्त्याचा काही भाग अशाच भरावावर आहे. नेमकी तेथेच स्थानकासाठी खोल खणती घ्यावयाची होती. एकदा यंत्रे लागली की तळातले सारे कायमचे नष्ट होणार! म्हणून नगरपालिकेचे पुरातत्त्वज्ञ अभियंत्यांच्या बरोबरीने खड्ड्यात उतरले.

२००३ ते २०१२ ह्या काळात दामराक व रोकिन येथे सुमारे सात लाख वस्तू हाती लागल्या. त्यांत राजेरजवाड्यांचा खजिना नव्हता. चाव्या, सुऱ्या, नाणी, मातीच्या चिलमी, फुटकी भांडी आणि वरच्या थरांत चक्क भ्रमणध्वनीसुद्धा! शतकानुशतके लोकांच्या हातून जे पाण्यात पडले किंवा त्यांनी टाकून दिले, तेच हे. तळाच्या गाळात हवा पोहोचत नसल्याने लोखंड व चामडेही टिकून राहिले. त्यांतील हजारो वस्तू रोकिन स्थानकात सरकत्या जिन्यांच्या मधोमध काचेआड मांडल्या आहेत. कामावर जाणारा माणूस रोज आपल्या पूर्वजांच्या बाजारातून वर येतो, असेच म्हणाना!

ह्या गोष्टीचा आम्हा मॉरिशसवासीयांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. १५९८ मध्ये डच खलाशांनीच ह्या बेटाला राजपुत्र मॉरिसचे नाव दिले, आणि जाव्याहून ऊस आणला तोही त्यांनीच. त्याच उसापायी पुढे आपले आजे-पणजे मुंबई बंदरातून येथे आले. डचांचा ग्रँड पोर्ट येथील फ्रेडरिक हेंड्रिक किल्लाही आम्स्टरडॅमच्याच पुरातत्त्वज्ञांनी उकरून अभ्यासला आहे.

पण आपल्या पूर्वजांचे काय? पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाचा, म्हणजे जुन्या कुली डेपोचा, मोठा भाग मोटाररस्त्याखाली गेला. त्या वेळी खड्ड्यात उतरून पाहणारे कोणी नव्हते. उरलेल्या भागाला २००६ मध्ये जागतिक वारसास्थानाचा मान मिळाला, ही समाधानाची गोष्ट. तरी गेले ते गेलेच.

आता साखर कारखाने एकामागून एक बंद झाले आहेत आणि मळ्यांच्या जागी नवी घरे व दुकाने उठत आहेत. जुन्या चाळींच्या जागी कुदळ पडण्यापूर्वी मातीकडे एकदा नीट पाहावे, एवढीच आमची विनंती. फुटका तांब्या, जात्याची तळी, बांगडीचा तुकडा, ह्यांना बाजारात मोल नाही. परंतु ज्यांनी स्वतःविषयी एक ओळही लिहून ठेवली नाही, त्यांची वही म्हणजे हीच माती. घरात अशी एखादी वस्तू असल्यास ती कोणाची, कोठून आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे.