मागे न बघता मागे जाणारा

संपादकांचा फोन आला तेव्हा कुकटपल्लीत दुपारचे दोन वाजले होते आणि डोक्यावर पंखा गरगरत होता. हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने आइस हॉकीवर काहीतरी द्या, म्हणाले. मीच का? तर म्हणे, ‘तुमच्या हैदराबादेत स्केटिंगची पोरं ढीगभर आहेत ना!’ पोरं आहेत, पण चाकांवरची. बर्फ आमच्याकडे उसाच्या रसात पडतो.

वाचायला बसलो आणि एका डच माणसापाशी अडकलो. हॉलंडचं आणि बर्फाचं नातं तसं जुनं. कालवे गोठले की अख्खा देश स्केट्स बांधून बाहेर पडतो. अकरा शहरांतून जाणारी दोनशे किलोमीटरची एल्फस्टेडेनटोख्त ही शर्यत १९९७ नंतर झालेलीच नाही, कारण तेवढा जाड बर्फ जमत नाही. पण या लोकांचं प्रेम वेगाच्या स्केटिंगवर. आइस हॉकीत हा देश ऑलिंपिकला एकदाच पोचला, १९८० साली लेक प्लॅसिडला. रशियनांनी सतरा गोल चढवले, पोलंडला मात्र यांनी हरवलं, आणि नववा नंबर आला. बस्स.

तर त्या देशातल्या वेस्प गावी १९ जानेवारी १९४८ रोजी जन्मलेला एड कीआ. महायुद्धानंतर डच कुटुंबं बोटी भरभरून कॅनडाला जात होती, त्यात त्याचंही गेलं. एड तेव्हा चार वर्षांचा. कॅनडात वाढला म्हणून हॉकीपटू झाला, वेस्पमध्ये राहता तर बहुधा झाला नसता. १९७३ च्या मोसमात तो अटलांटा फ्लेम्सकडून एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरला, १९७९ मध्ये सेंट लुईस ब्लूजकडे गेला. त्या अदलाबदलीत पलीकडून आला तो गॅरी उंगर, लागोपाठ ९१४ सामने खेळण्याचा विक्रम करणारा तारा. बातम्या अर्थातच उंगरच्या झाल्या.

कीआ होता डिफेंडर. ५८३ सामन्यांत ३० गोल. सचिनची शतकं मोजणाऱ्या आपल्या डोळ्यांना हा आकडा केविलवाणा वाटेल. पण बचावपटूचं काम आकड्यात मावत नाही, कारण जे घडलं नाही ते मोजणार कोण?

हे काम नेमकं काय असतं ते मला केपीएचबी कॉलनीतल्या एका स्केटिंग क्लासमध्ये कळलं. संध्याकाळची वेळ, सिमेंटचं छोटं मैदान, पंधरावीस पोरं. समोरून एक मुलगी हॉकीच्या काठीने चेंडू घेऊन येतेय आणि दहाएक वर्षांचा मुलगा तिच्याकडे तोंड करून उलटा, पाठीच्या दिशेने पळतोय. पाय उचलत नाही. गुडघे वाकवलेले, बसायला खुर्ची ओढावी तसं बूड मागे, आणि एकेक पाय आळीपाळीने बाहेर अर्धगोल काढून परत आत. काठी एका हातात, पुढे ताणलेली. तिच्यात आणि त्याच्यात काठीभर अंतर. ती डावीकडे वळली की त्याचे खांदे वळतात, पण नजर तिच्या छातीवर. चेंडूवर नाही, कारण चेंडू हूल देतो आणि छाती देत नाही. दोनदा त्याने मान वळवून मागे पाहिलं आणि दोन्ही वेळा ती बाजूने निसटली. ‘वेनक्कि चूडकु!’ सर ओरडले. मागे बघू नकोस.

बर्फावर हेच सगळं तिप्पट वेगाने. रिंगण ६१ मीटर लांब, २६ मीटर रुंद, भोवती बोर्ड, म्हणजे कठडे. पक म्हणजे कडक रबराची चकती, जेमतेम १७० ग्रॅमची, उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवलेली. जोरकस फटक्यात ती ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जाते. खेळाडू पाऊण मिनिटात धापा टाकत बाकावर परततो आणि दुसरा उतरतो. डिफेंडरने या पाऊण मिनिटात उलटं पळायचं, समोरच्याला मधून कडेला, बोर्डाकडे ढकलत न्यायचं, आणि गरज पडली तर फटक्यासमोर स्वतःला आडवं टाकायचं. कीआने हे दहा मोसम केलं. उघड्या डोक्याने.

इथून पुढे माझं आइस हॉकीतलं लक्ष उडालं आणि हेल्मेटमध्ये अडकलं.

जानेवारी १९६८ मध्ये मिनेसोटा संघाचा बिल मास्टरटन धडकेनंतर पाठीवर पडला, डोकं बर्फावर आपटलं, दोन दिवसांत गेला. त्यानंतर नियम यायला अकरा वर्षं लागली आणि आला तोही पळवाटेसकट: १ जून १९७९ नंतर करार करणाऱ्यांना हेल्मेट सक्तीचं, आधीच्यांनी कागदावर सही करावी आणि बिनधास्त खेळावं. म्हणजे ज्यांचं डोकं सर्वांत जास्त वर्षं आपटत आलं होतं, त्यांनाच सूट. मला यात मोठा तऱ्हेवाईकपणा दिसतो, पण कुकटपल्लीच्या वाय जंक्शनवर सिग्नलला उभं राहिलं की आश्चर्य वाटत नाही. दुचाकीवाल्यांकडे हेल्मेट असतंच, कोपरात अडकवलेलं. पुढे पोलीस दिसले की डोक्यावर चढतं. कीआच्या पिढीतल्या पुष्कळांना हेल्मेट घालणं भित्रेपणाचं वाटे, आणि इथल्यांना गरम होतं.

१९८३ च्या मार्चमध्ये कीआ सेंट लुईसच्या खालच्या संघात, सॉल्ट लेक गोल्डन ईगल्सकडून खेळत होता. पस्तिशीतला बचावपटू, वरच्या संघातून उतरवलेला. सात तारखेच्या सामन्यात टक्कर झाली, तो पडला, डोकं बर्फावर आदळलं. मेंदूची शस्त्रक्रिया झाली. जगला, पण अधू होऊन. १९९९ मध्ये आपल्या उन्हाळी घरी तो बुडून वारला. वय ५१.

त्याचे दोन भाचे एनएचएलमध्ये नावाजले. जो न्यूवेंडाइक आघाडीचा खेळाडू. फ्लेम्स अटलांटाहून कॅलगरीला गेल्यावर त्याच संघाकडून त्याने १९८९ मध्ये एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकला. दुसरा जेफ ब्यूकबूम कीआसारखाच डिफेंडर, चार कप जिंकलेला. याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. तरीही डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून त्याला खेळ सोडावा लागला, तोही १९९९ मध्येच. हेल्मेट कवटी फुटू देत नाही. आत मेंदू हिंदकळतो त्याला ते फार काही करू शकत नाही. २०१८ मध्ये एनएचएलने ३१८ माजी खेळाडूंशी सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला तडजोड केली, डोक्याच्या दुखापतींची जबाबदारी मात्र मान्य केली नाही.

आणि क्रेग मॅकटाविश नावाचा एक गृहस्थ १९७९ च्या त्याच सवलतीवर १९९७ पर्यंत बिनहेल्मेट खेळला. लीगमधला शेवटचा. त्याला काही झालं नाही. त्याच्या उडणाऱ्या केसांचे फोटो चाहते आजही कौतुकाने दाखवतात.